स्ट्रॉबेरी आणल्या आणल्या धुवायची की नाही? (दोन किलोतली सव्वा किलो फेकल्यानंतरचा धागा)

गुलबक्षी | बुधवार, रात्री १०.५०

मंडळी, आधी रडगाणं, मग प्रश्न.

रविवारी पाचगणी-महाबळेश्वर करून आलो. येताना भिलारजवळ एका शेताच्या कडेला एक ताई पेट्या मांडून बसल्या होत्या. सकाळीच तोडलेली फळं, देठं हिरवीगार, आणि वास असा की गाडीची काच खाली केल्याबरोबर लेक ओरडला, "थांबा!" दोन किलोची पेटी घेतली, डिकीत ठेवली. मग वाईत ढोल्या गणपतीला थांबलो, मग कुणाला तरी भूक लागली, मग खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर रविवार संध्याकाळची ठरलेली रांग. कर्वेनगरला घरी पोचेपर्यंत साडेनऊ.

एवढी दमलेली असूनही मी शहाणपणा केला. सकाळी डब्याची घाई नको म्हणून सगळ्या स्ट्रॉबेऱ्या रात्रीच नळाखाली धुतल्या, चाळणीत पाच मिनिटं निथळल्या, मोठ्या स्टीलच्या डब्यात भरल्या आणि झाकण गच्च लावून फ्रीजमध्ये.

सोमवारी छान होत्या. मंगळवारी जरा चिकट. आज पहाटे सहाला डबा उघडला तर वरच्या चार-पाच फळांवर करडी लव, मांजराच्या पिल्लाला असते तशी. तळाशी लाल पाणी साचलेलं. वास आंबूस, थेट ताडीची आठवण करून देणारा. निवडून निवडून पाऊण किलो हाती लागली, तीही मनात किंतु ठेवूनच. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "गणपतीलाच वाहून यायची होतीस, पुण्य तरी लागलं असतं."

तर प्रश्न असे: धुवायची कधी? कशाने? आणि फ्रीजमध्ये ठेवायची कशात? नवरा म्हणतो गरम पाण्यात बुडवायची (व्हिडिओ पाहिलाय). सासूबाई म्हणतात मीठ-हळदीचं पाणी. शेजारच्या काकू म्हणतात पोटॅशियम परमँगनेट. माझी अडचण अशी की सकाळी सहाला उभं राहून एकेक फळ धुवायला मला वेळ नसतो. सवयीचं उत्तर नको, टिकणारं हवं.

सदाशिव_पेठी | बुधवार, रात्री ११.१५

ओली फळं, बंद डबा, वरून गच्च झाकण. ताई, तुम्ही स्ट्रॉबेरी ठेवली नाहीत, बुरशीचं पाळणाघर काढलंत. (दिवे घ्या, म्हणजे गंमत समजून घ्या.)

रोळी | बुधवार, रात्री ११.३२

धुवायची नाही. खायच्या आधी धुवायची. बस.

आमच्याकडे पेटी आली की आधी ताटात एका थरात पसरायची आणि निवडायची. दबलेली, चिरलेली, देठाजवळ मऊ लागणारी त्याच दिवशी संपवायची. मिल्कशेक करा, नुसती साखर घालून खा. धडधाकट तेवढीच फ्रीजमध्ये. एक नासकं फळ आत राहिलं तर ते शेजाऱ्याला घेऊन बुडतं. कांद्याच्या टोपलीत होतं तेच.

गुलबक्षी | गुरुवार, सकाळी ७.०५

@सदाशिव_पेठी, दिवे घेतले, वीजबिल तुम्हाला पाठवते.

@रोळी, पटतंय. पण रोज सकाळी धुणं आलंच ना?

रसायनवाला | गुरुवार, सकाळी १०.२०

रसायनवाला हे नुसतं नाव आहे, नोकरी सूक्ष्मजीवांची. थोडं लांबण लावतो.

तुमच्या डब्यातली करडी लव म्हणजे बोट्रायटिस सिनेरिया. तीच द्राक्षांवर येते. ही बुरशी तुमच्या फ्रीजमध्ये जन्मली नाही, शेतातूनच आली. बऱ्याचदा ती फुलोऱ्यातच शिरते आणि फळ पिकेपर्यंत आत गप्प बसून राहते. बाहेरून फळ टकाटक दिसतं. मग तिला दोनच गोष्टी हव्या असतात, फळाला झालेली एखादी इजा आणि ओलावा. तुम्ही दोन्ही पुरवल्यात. इजा डिकीत झाली, ओलावा नळाखाली मिळाला.

फ्रीजमध्ये ती मरत नाही, नुसती मंदावते. अगदी शून्य अंशालाही सावकाश वाढत राहते. म्हणून फ्रीजवर फार भिस्त ठेवू नका. शीतगृहात स्ट्रॉबेरी शून्य अंशाच्या आसपास आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रतेत ठेवतात. आपला घरचा फ्रीज चार-पाच अंशांवर असतो आणि दिवसातून वीसदा उघडला जातो. तरी बाहेर ओट्यावर ठेवण्यापेक्षा कितीतरी बरं.

इथे एक गोंधळ होतो. हवेत ओलावा असणं आणि फळाच्या अंगावर पाणी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हवा दमट हवी, नाहीतर फळ सुरकुततं. अंग मात्र कोरडं हवं. स्ट्रॉबेरीला साल अशी नाहीच, आणि त्या बारीक बियांच्या खळग्यांत पाणी अडून बसतं. द्राक्ष पुसता येतं, स्ट्रॉबेरी पुसता येत नाही.

अर्धा_कप | गुरुवार, सकाळी १०.४१

अवांतर: त्या बिया म्हणजे बिया नाहीत, ती खरी फळं आहेत आणि आपण खातो तो फुगलेला देठाचा भाग, असं लेकीच्या पुस्तकात आहे. तेव्हापासून ती स्ट्रॉबेरी खाताना "आज मी दोनशे फळं खाल्ली" म्हणते.

रोळी | गुरुवार, सकाळी १०.५५

@अर्धा_कप 😀 आईला सांगा, बाकी फळं द्यायची गरज नाही.

घाटमाथा | गुरुवार, दुपारी १.१०

आमचं गाव जावळी तालुक्यात. घरची पंचवीस गुंठे स्ट्रॉबेरी आहे, मी नोकरीला हिंजवडीत. शेताकडची बाजू सांगतो.

तोडणी भल्या पहाटे होते. ऊन चढायच्या आत माल सावलीत आणि शक्य तेवढ्या लवकर गाडीत. फळ ओढायचं नाही, देठ नखाने खुडायचं, म्हणजे थोडं देठ फळालाच राहतं. देठ उपटलं की तिथे भोक पडतं आणि सडायची सुरुवात बरोबर तिथून होते. घरीसुद्धा धुवायच्या आधी देठ आणि हिरवी पानं काढू नका. धुतल्यावर काढा. आधी काढलंत तर पाणी थेट पोटात जातं आणि चव पाणचट होते.

दुसरं म्हणजे तोडल्यावर स्ट्रॉबेरी पिकत नाही. आंब्यासारखी अढी घालून काही होणार नाही. खांद्याशी पांढरी असेल तर ती पांढरीच राहणार. फार तर थोडी गडद होईल, गोडी वाढणार नाही. तेव्हा "कच्ची घेऊ, दोन दिवसांत पिकेल" हा हिशेब चुकीचा.

तिसरं, पेटी. दोन किलोच्या पेटीत खालच्या थरावर वरच्यांचं ओझं येतं, त्यात घाटाची वळणं. पुण्याला न्यायची असेल तर पनेटवाली घ्या. पनेट म्हणजे ती २०० ग्रॅमची भोकाची प्लॅस्टिकची डबी. पनेट उलटं करून तळ बघा. लाल पाणी दिसलं की ठेवून द्या. विकणारा कपाळाला आठ्या घालेल, घालू दे.

आणि वाण. स्वीट चार्ली लवकर येते, गोड असते, पण नाजूक. कॅमारोसा घट्ट, प्रवास सोसणारी. विंटर डॉनही बऱ्यापैकी टणक. शेतावरच खायची असेल तर स्वीट चार्ली, पुण्याला पोचवायची असेल तर कॅमारोसा. शेतकऱ्याला विचारा, तो सांगतो. हातगाडीवाल्याला विचारलंत तर सगळीच "महाबळेश्वर".

सदाशिव_पेठी | गुरुवार, दुपारी १.३०

हातगाडीवर मेमध्येसुद्धा "महाबळेश्वर" असते. बाकी उत्तम प्रतिसाद. आमच्याकडे मंडईत पनेट उलटं केलं की "साहेब, घ्यायचंय का बघायचंय?" असं ऐकू येतं.

घाटमाथा | गुरुवार, दुपारी १.४४

😀 महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, म्हणजे ते नाव इथल्याच फळाचं, पण हातगाडीला कोण विचारतो. खरा हंगाम नोव्हेंबरअखेर ते मार्च-एप्रिल. थंडीतलं फळ टिकतं. मार्चमधलं लवकर मऊ पडतं, कारण शेतातच तापलेलं असतं.

आजीचा_बटवा | गुरुवार, दुपारी ४.००

मी वर्षानुवर्षं रद्दी पेपरवर ठेवते. बाहेरून आणली की डब्यात खाली पेपर, वर स्ट्रॉबेरी, वर परत पेपर. पाणी शोषून घेतो. चार दिवस काही होत नाही.

निवांत_कोथरूड | गुरुवार, दुपारी ४.२५

@आजीचा_बटवा, काकू, कल्पना बरोबर आहे, फक्त पेपर बदला. छापील कागदाची शाई अन्नाला लागते. एफएसएसएआयने (देशाची अन्नसुरक्षा संस्था) २०१६ मध्येच वर्तमानपत्रात अन्न बांधू नका अशी सूचना काढली होती. ओलं फळ तर शाई आणखी पटकन घेणार. जुन्या सुती साडीचा किंवा पंचाचा तुकडा घ्या. टिश्यू पेपरपेक्षा तो जास्त पाणी पितो आणि धुऊन परत वापरता येतो.

आजीचा_बटवा | गुरुवार, दुपारी ४.५०

बरं झालं सांगितलंस. वड्याला नको म्हणतात ते ऐकून होते, फळांचं डोक्यातच आलं नव्हतं. यांचं जुनं धोतर आहे, ते फाडते. यांना अजून सांगितलेलं नाही.

पायरीवरचा | गुरुवार, रात्री ९.१०

व्हिनेगरवाले कुठे गेले? मी गेली तीन वर्षं एकास तीन करतो. एक वाटी साधं पांढरं व्हिनेगर, तीन वाट्या पाणी. त्यात स्ट्रॉबेऱ्या दोन-तीन मिनिटं हलक्या हाताने फिरवायच्या, मग साध्या पाण्यातून दोनदा काढायच्या. वास राहत नाही. पण वाळवणं हा सगळ्यात मोठा भाग आहे आणि व्हिडिओवाले तो दोन सेकंदांत उरकतात. पंचावर एका थरात, देठ खाली टोक वर, पंख्याखाली निदान तासभर. मध्ये एकदा पंचा बदलायचा, पहिला भिजतो.

रसायनवाला | गुरुवार, रात्री ९.४०

@पायरीवरचा यांना अनुमोदन. आम्लामुळे पृष्ठभागावरचे बरेच बीजाणू (बुरशीचं बियाणंच म्हणा) निकामी होतात. आत शिरलेली बुरशी मात्र त्याने मरत नाही, म्हणून व्हिनेगर म्हणजे अमृत नव्हे. आणि व्हिनेगरने धुऊन ओलीच डब्यात भरलीत तर न धुतलेलीच जास्त टिकेल.

गुलबक्षीताईंच्या यजमानांचं गरम पाणीही थापा नाही. ५२ अंश सेल्सिअसच्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून लगेच बाहेर, मग गार करून वाळवायची. उष्णतेने वरवरची बुरशी ढिली पडते. पण ५२ म्हणजे ५२. साठच्या पुढे गेलात की फळ शिजायला लागतं.

पायरीवरचा | गुरुवार, रात्री ९.५२

मोजायचं कशाने? ताप बघायचं थर्मामीटर बेचाळीसला संपतं.

रसायनवाला | गुरुवार, रात्री ९.५८

ते उकळत्या पाण्यात घालून फोडूही नका. स्वयंपाकाचं थर्मामीटर मिळतं. ते नसेल तर हा मार्ग विसरा. बोट घालून अंदाज करायचा प्रकार नाही हा.

अर्धा_कप | शुक्रवार, सकाळी ८.३०

फवारणीचं काय? मला टिकण्यापेक्षा त्याचीच जास्त काळजी वाटते. खायच्या सोड्याने औषध निघतं असं सगळे म्हणतात.

रसायनवाला | शुक्रवार, सकाळी ११.०५

सोड्याच्या गोष्टीला बूड आहे, पण ते सफरचंदाचं. २०१७ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सफरचंदांवर प्रयोग झाला. लिटरभर पाण्यात दहा ग्रॅम सोडा, म्हणजे साधारण दोन छोटे चमचे, आणि त्यात बारा ते पंधरा मिनिटं. दोन कीडनाशकांचे पृष्ठभागावरचे अंश साध्या पाण्यापेक्षा कितीतरी चांगले निघाले. सालीच्या आत मुरलेले मात्र निघाले नाहीत.

आता तोच प्रयोग स्ट्रॉबेरीवर लादायचा तर पंधरा मिनिटांत ती पाणी पिऊन बसेल. मी घरी वाहत्या नळाखाली, बारीक धारेत, चाळणीत हलवत अर्धा-एक मिनिट धुतो. अमेरिकेचं अन्न-औषध प्रशासनही फळांसाठी वाहतं साधं पाणीच सांगतं, साबण नको म्हणतं. भांड्याच्या साबणाने स्ट्रॉबेरी धुणारी माणसं मी पाहिली आहेत, म्हणून मुद्दाम लिहिलं.

परमँगनेट नको. चिमूटभर म्हणजे किती हे घरी मोजता येत नाही, जास्त पडलं तर ते त्रासदायक, आणि ओट्यावर जे तपकिरी डाग पडतात ते दिवाळीपर्यंत दिसतात. मीठ-हळदीने बिघडणार काही नाही, पण हळदीची चव त्या खळग्यांत बसते. सासूबाईंना हे तुमच्या जबाबदारीवर सांगा.

घाटमाथा | शुक्रवार, दुपारी १२.१५

फवारणी होते, खोटं बोलण्यात अर्थ नाही. बुरशीसाठीच सगळ्यात जास्त. फवारणी आणि तोडणी यांच्यात किती दिवस सोडायचे हे औषधाच्या डब्यावर लिहिलेलं असतं. पाळणारे पाळतात. आम्ही वाफ्यावर मल्चिंग पेपर (प्लॅस्टिकचा कागद) अंथरतो, त्यामुळे फळ मातीला टेकत नाही. खाली ठिबक, त्यामुळे फळ भिजत नाही. बुरशी तिथेच निम्मी कमी होते. तुम्ही घरी तेच करताय, फळ कोरडं ठेवायचं. आमच्याकडे पेपर काळा, तुमच्याकडे काकांचं धोतर.

गुलबक्षी | शुक्रवार, रात्री १०.२०

एवढं वाचून गप्प बसवेना. उद्या मंडईतून पाच पनेट आणते. पाच प्रकारे ठेवते. आठवड्याने येऊन सांगते. तोवर कुणी भांडू नका.

सदाशिव_पेठी | शुक्रवार, रात्री १०.३१

शेवटची अट या संस्थळाच्या धोरणाविरुद्ध आहे.

कढीपत्ता | शनिवार, दुपारी ३.००

दरम्यान डीप फ्रीजबद्दल कुणी बोललंच नाही. आमच्याकडे जास्त आली की हाच मार्ग. धुऊन, पूर्ण वाळवून, देठ काढून ताटात एकमेकींना न चिकटवता मांडते आणि ताट तसंच फ्रीझरमध्ये. चार-पाच तासांत गोट्यांसारख्या होतात. मग झिपलॉकमध्ये भरून हवा दाबून काढायची. थेट पिशवीत भरल्या तर वीट होते आणि ती लाटण्याने फोडावी लागते. (केलंय. ओट्याच्या ग्रॅनाइटने साक्ष द्यावी.)

बाहेर काढल्यावर त्या परत ताज्यासारख्या होत नाहीत हे आधीच सांगते. आतलं पाणी गोठून पेशी फुटतात, विरघळली की फळ लोळागोळा. म्हणून मी विरघळू देतच नाही. गोठलेलीच मिक्सरमध्ये, वर गार दूध, झाला मिल्कशेक. दूध गारच घ्या. कोमट दुधात स्ट्रॉबेरीचा आंबटपणा गेला की ते फाटतं, आणि मग पाहुण्यांसमोर "हे असंच असतं" म्हणावं लागतं.

मऊ पडलेल्यांचा जॅम. स्ट्रॉबेरीत पेक्टिन (जॅम धरायला लावणारा फळातला घटक) कमी असतं, त्यामुळे नुसत्या साखरेने पटकन धरत नाही, लिंबू पिळावं लागतं. मी एक किलोला पाऊण किलो साखर आणि दोन लिंबं घेते. बशी फ्रीजमध्ये गार करून त्यावर थेंब टाकायचा, बोटाने रेघ ओढायची. रेघ मिटली नाही की गॅस बंद. आपण साखरांब्याचा पाक बघतो तसा तारेवर बघत बसलात तर जॅमची चिक्की होते.

निवांत_कोथरूड | शनिवार, दुपारी ३.४०

बुरशी आलेला भाग कापून उरलेलं जॅमला चालेल का?

रसायनवाला | शनिवार, दुपारी ४.१५

नाही. कडक फळाचं वेगळं, स्ट्रॉबेरी मऊ आणि पाणीदार. बाहेर दिसते त्याच्या बरीच पुढे बुरशी आत पोचलेली असते. ते फळ पूर्ण टाका, त्याला चिकटलेलीही टाका. लांबची, कोरडी, घट्ट असलेली धुऊन त्याच दिवशी खा. उकळून साखर घातली की सगळं शुद्ध, असं जॅमच्या बाबतीत नाही.

गुलबक्षी | पुढचा शनिवार, सकाळी ११.००

हजर आहे. पाच पनेट, एकाच हातगाडीवरून, सगळी उलटी करून बघितलेली. (तो म्हणाला, "मॅडम, फळं आहेत, घड्याळं नाहीत.")

पहिलं पनेट जसं आणलं तसंच फ्रीजमध्ये. चौथ्या दिवशी एका दबलेल्या फळावर लव. ते पनेट भरतानाच दबलेलं असणार, मी निवडलं नव्हतं.

दुसरं रोळीच्या पद्धतीने. निवडून, न धुता, डब्यात खाली सुती कापड, एकच थर, वर कापड, झाकण नुसतं टेकवलेलं. सहाव्या दिवसापर्यंत निर्वेध. सातव्या दिवशी दोन फळं जराशी सुरकुतली, पण लव नाही.

तिसरं व्हिनेगरचं. दीड तास पंख्याखाली, पंचा दोनदा बदलला. आज आठवा दिवस, चार फळं उरली आहेत आणि चारही ठीक. मात्र चौथ्या दिवसानंतर ती चकाकी आणि तो वास राहिला नाही. डोळे मिटून खाल्ली तर कळतं.

चौथं गरम पाणी. नवऱ्याने थर्मामीटर मागवलं. स्ट्रॉबेरीपेक्षा महाग. पाणी ५२ वर आणायला वीस मिनिटं, कारण साहेब एकदा ६१ वर गेले, मग गार पाणी घातलं तर ४७, मग परत गॅस. लव आली नाही. पण फळं पहिल्याच दिवसापासून जरा मऊ. लेकाने एक खाऊन विचारलं, "ही आजारी आहे का?"

पाचवं माझं मूळचं पाप, नळाखाली धुऊन ओलीच घट्ट डब्यात. तिसऱ्या दिवशी निकाल. विज्ञानासाठी पुन्हा एकदा डोळ्यांनी पाहिला.

एक त्रुटी कबूल करते. दुसऱ्या डब्यात सुरुवातीला अकरा फळं होती, गुरुवारी आठच सापडली. चौकशीअंती सासूबाईंनी तीन दत्ताला ठेवल्याचं समजलं. म्हणाल्या, "प्रयोगाची आहेत असं वर लिहायचं होतंस."

रोळी | शनिवार, सकाळी ११.२०

न धुता सहा दिवस! आता पुढचे चार दिवस मी घरात कुणाशीही नम्रपणे बोलणार नाही.

सदाशिव_पेठी | शनिवार, सकाळी ११.३४

आदरांजली त्या पाचव्या पनेटला. मन:पूर्वक सांगतो, मराठी आंतरजालावर "सांगते" म्हणून खरंच येऊन सांगणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी.

रसायनवाला | शनिवार, दुपारी १२.१०

उत्तम. एवढ्याशा नमुन्यावर शोधनिबंध होणार नाही, पण स्वयंपाकघराला पुरे. एक विचारायचं राहिलं, फ्रीजच्या कुठल्या कप्प्यात? एक दरवाजाच्या फ्रीजमध्ये फ्रीझरच्या खालची जागा सगळ्यात गार असते. स्ट्रॉबेरीला गारठ्याने इजा होत नाही, तेव्हा तिथेच ठेवा. फक्त मागच्या भिंतीला टेकवू नका, तिथे बर्फ धरतो आणि फळ गोठतं. दारात तर कधीच नको.

गुलबक्षी | शनिवार, दुपारी १२.४०

सगळे डबे भाजीच्या कप्प्यात होते. म्हणजे वर ठेवले असते तर अजून एखादा दिवस मिळाला असता.

आता मी ठरवलंय ते असं. आल्या आल्या निवडायची, निम्मी न धुता कापडात. शाळेच्या तीन दिवसांपुरतीच व्हिनेगरने धुऊन रात्रभर टेबलावर न विसरता वाळवून डब्यात. सकाळी फक्त देठं खुडायची, तेवढं सहा वाजता जमतं.

@घाटमाथा, या रविवारी परत वाईला जाणं आहे. माल कसा आहे सध्या?

घाटमाथा | शनिवार, दुपारी २.०५

आहे, पण दिवसा ऊन तापायला लागलंय. सकाळी दहाच्या आत घ्या, दुपारी रस्त्याकडेला ठेवलेली नको. अजून महिनाभर बरी मिळेल. नंतर फळ बारीक होतं आणि जास्त करून प्रक्रियेला जातं, जॅम-सिरपवाल्यांकडे. घरून निघताना एक थर्मासवालं, गारवा टिकवणारं खोकं आणि बर्फाची बाटली टाका गाडीत. बाटलीला फडकं गुंडाळा, घाम सुटतो तिला.

गुलबक्षी | शनिवार, दुपारी २.२०

टाकते. आणि या वेळी अर्धा किलोच, पनेटमधली.

सदाशिव_पेठी | शनिवार, दुपारी २.२४

आणि डिकीत नाही. सासूबाईंच्या मांडीवर.

गुलबक्षी | शनिवार, दुपारी २.३१

मग कात्रजच्या बोगद्यापर्यंत पाव किलोच उरेल.